ठोकळ्यांचा उन्हाळा

चंद्रपुरात मे महिना लागला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. गेल्या वर्षीच्या काळ्या पडलेल्या ताट्या काढून नव्या बसवल्या जातात, पहिलं पाणी त्यांच्यावर पडतं आणि घरभर वाळ्याचा ओला वास सुटतो. दुपारी रस्ते ओस पडतात. ऑटोवाले झाडाखाली पाय पसरून झोपतात, आणि बसस्टँडवरच्या माणसांची फक्त डोळ्यांपुरती पट्टी दिसते, बाकी सगळं दुपट्ट्यात. या उन्हाची आम्हाला तक्रार नसते. ते दरवर्षी येतं, त्याच्याशी कसं वागायचं ते ठाऊक असतं.

मी इथल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. यंदा परीक्षा संपता संपता एक विद्यार्थी भंगारवाल्याकडून जुना टीव्ही गेम उचलून घेऊन आला. कीबोर्डच्या आकाराचा, राखाडी, मागच्या बाजूला कॅसेट खोचायची खाच, खाचेत एक कॅसेट. हे चालू होईल का, असं त्याने विचारलं. प्रयोगशाळेच्या कपाटात एक जुना, फुगीर काचेचा टीव्ही होता. आम्ही गेम उघडला, फुगलेला एक कपॅसिटर बदलला, खाचेतला गंज खोडरबराने घासून काढला. पडद्यावर आधी नुसतं खरखरीत पांढरं दिसलं, मग वरून ठोकळे पडायला लागले.

बघता बघता मुलांची गर्दी झाली. या सगळ्यांच्या खिशात असे फोन, की त्यात अख्खं जंगल पानापानासकट दिसतं. तरी ती मुलं चार चौकोनांच्या एका ठोकळ्यासाठी मान वाकडी करून उभी होती. आडवी ओळ भरली की नाहीशी होते, ठोकळे वरपर्यंत साचले की खेळ संपतो. नियम एवढाच. एकीने विचारलं, “मॅडम, यात काहीच नाही, तरी सोडवत का नाही?”

मी शिक्षिकेचं उत्तर दिलं. तेव्हा मेमरी फार थोडी असायची, त्यामुळे बनवणाऱ्याला सजावट परवडत नव्हती. जे अगदी लागणारच तेवढंच त्याने ठेवलं, आणि म्हणून ते टिकलं. उत्तर बरोबर होतं. मुलांनी माना डोलावल्या. मला मात्र ते देतानाच जाणवत होतं, की मी ज्या माणसाला हा खेळ सगळ्यांत जास्त खेळताना पाहिलं, त्याच्याबद्दल या उत्तरात काहीच नाही.

तो माणूस म्हणजे माझी सुमन मावशी.

*

आम्ही तेव्हा भद्रावतीला राहत होतो, फॅक्टरीच्या कॉलनीत. नवं शतक नुकतंच लागलं होतं. बाबा फॅक्टरीत होते. क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे छोटं अंगण, अंगणात कडुनिंब. माझी दहावी झाली होती आणि माझा धाकटा भाऊ नितीन सातवीतून आठवीत जाणार होता. आम्ही दोघं पास होणार या भरवशावर बाबांनी चंद्रपूरहून टीव्ही गेम आणला. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, की हा निव्वळ खेळ नाही, याच्यावर पोरं टायपिंग शिकतात, पुढे कॉम्प्युटर शिकायला सोपं जातं. त्या काळात कॉम्प्युटर हा शब्द उच्चारला की बाप माणसं खिशात हात घालत. कॅसेटवर लाखांच्या घरातला आकडा छापलेला होता. प्रत्यक्षात मूठभर खेळ होते, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने.

पुढच्या खोलीतल्या रंगीत टीव्हीला हात लावायची परवानगी नव्हती. मागच्या खोलीत जुना ब्लॅक अँड व्हाइट होता, त्याला गेम जोडला. चॅनलची चकती फिरवत फिरवत चित्र पकडावं लागे, आणि पकडलं की कोणी जोराने चालायचं नाही, नाहीतर ते वर वर सरकायला लागे. कॅसेट लागली नाही तर काढून तिच्यावर फुंकर मारायची. फुंकरीचा काही उपयोग नसतो, काढून पुन्हा घातल्यानेच ती लागते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. उलट तोंडातल्या ओलीने पट्ट्या गंजतात. पण त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे मन लावून फुंकर मारत होतो.

यंदा विद्यार्थ्यांच्या पडद्यावर मी पहिल्यांदा पाहिलं, की ते ठोकळे लाल, निळे, हिरवे आहेत. माझ्या आठवणीत ते राखाडी होते, फिकट आणि गडद.

*

मावशी आमच्याकडे आली ती एप्रिलच्या शेवटी. तिचं सासर वैनगंगेच्या काठचं, धानाची शेती करणारं. मावसोजी, म्हणजे मावशीचे यजमान, एटापल्लीच्याही पलीकडे, जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. दिवाळीच्या आधी त्यांना ताप आला आणि तो डोक्यात चढला. मलेरियाचा ताप आमच्या भागाला नवा नाही. दरवर्षी तो कोणाच्या तरी घरी जातो. त्या वर्षी तो मावशीच्या घरी गेला. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

आईने तिला बदल म्हणून बोलावलं. ती बसमधून उतरली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती, तेवढीच. मावशी तोवर आम्हाला माहीत होती ती मोठ्याने हसणारी, जिलेबी पाकातून काढता काढता खाणारी. आता ती विचारलं तेवढं बोलायची. जेवायला बस म्हटलं की बसायची, पुरे म्हटलं नाही तरी थांबायची.

कॉलनीत माणसं चांगली होती, म्हणूनच अवघड झालं. उन्हाळा म्हणजे वाळवणांचा हंगाम. सकाळी बायका कुणाच्या तरी गच्चीवर जमायच्या, सरगुंडे वळायच्या, कुरड्या घालायच्या. आई मावशीला घेऊन जायची. आणि प्रत्येक नवी बाई मावशीशेजारी बसून हलक्या आवाजात विचारायची, ताप कधी आला, मग काय केलं, गाडी मिळाली का, शेवटी काही बोलले का. मावशी सांगायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईला पुन्हा सांगायची. ऐकणारीचे डोळे भरायचे. चार-पाच सकाळी असं झालं आणि मग ती गच्चीवर जाईनाशी झाली. मागच्या खोलीत कॉटवर भिंतीला टेकून बसायला लागली.

त्या खोलीत आमचा गेम होता. आम्ही आधी संकोचलो. नितीनने आवाज अगदी बारीक केला. पण सुट्टी होती आणि ऊन बाहेर जाऊ देत नव्हतं, तेव्हा आम्ही खेळायला लागलो. मावशी पाहायची की नाही, कळत नव्हतं. एका दुपारी नितीन ठोकळे लावत होता आणि एक लांब दांडी वरून येत होती. त्याने ती भलतीकडे नेली. मागून आवाज आला.

“त्याले उभा कर नं. कोपऱ्यात जागा हाये.”

नितीनने मागे वळून पाहिलं, तोवर दांडी आडवी पडली होती. त्याने यंत्र तिच्याकडे सरकवलं.

*

पहिल्यांदा ती फार लवकर हरली. दुसऱ्यांदाही. ती घाई करत नव्हती, पण ठोकळा फिरवायची कळ आणि सरकवायची कळ यांत गोंधळ व्हायचा. हरली की पुन्हा सुरू. आम्ही दोघं कंटाळून बाहेर गेलो, परत आलो, तर ती तशीच मांडी घालून बसलेली, पाठ ताठ, आणि ओळी भरून नाहीशा होत होत्या.

त्यानंतर दुपारी ती खोली तिची झाली. आई जेवणं आटोपून आडवी व्हायची, कूलरची घरघर चालू असायची, आणि मावशी यंत्रापुढे. आम्हाला खेळायचं असलं तर ती लगेच बाजूला व्हायची, पण आम्हीच तिला पाहत बसायचो. खेळ जसजसा पुढे जातो तसतसे ठोकळे वेगाने पडतात. त्या वेगातही तिचा चेहरा हलत नसे. फक्त बोटं हलत.

वीजकेंद्राची धुराडी आमच्यापासून लांब नव्हती, आणि तरी दुपारी लाइन जायची. त्या यंत्रात काही साठवून ठेवायची सोय नव्हती. लाइन गेली की केलेलं सगळं गेलं. नितीन अशा वेळी कपाळावर हात मारायचा. मावशी मात्र कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवायची आणि कूलर थांबलेल्या त्या गुदमरत्या खोलीत वाट पाहत बसायची. लाइन आली की पुन्हा रिकाम्या पडद्यापासून सुरुवात. मला तेव्हा वाटे, तिला चिडच येत नाही. आता वाटतं, सगळं एकदम जाणं तिला नवं नव्हतं. ते गेल्यावर लगेच पुन्हा सुरू करता येतं, हे नवं होतं.

त्याच कॅसेटमध्ये अक्षरांचा एक खेळ होता. वरून इंग्रजी अक्षरं पडायची आणि जमिनीवर पोचायच्या आत ती कीबोर्डवर दाबायची. तो आम्हाला अभ्यासासारखा वाटे म्हणून आम्ही कधी लावत नव्हतो. मावशीने लावला. ती बारावी झालेली होती, अक्षरं ओळखीची होती, पण कीबोर्डवर ती कुठल्या कुठे विखुरलेली. ती बोटाने शोधायची, तोवर अक्षर पडून जायचं. काही दिवसांनी तिने खाली पाहणं सोडलं.

*

बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागत नाही. शेजारच्या काकू पापड द्यायला आल्या आणि मागच्या खोलीत डोकावून गेल्या. मग दारात उभ्या राहून त्यांनी आईला सांगितलं, की लोक बोलतात, माणूस जाऊन वर्ष नाही झालं आणि बाई पोरासारखी गेम खेळून राह्यली. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. आपल्या घराला कोणी नावं ठेवू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी आईने गेमच्या वायरी काढल्या, यंत्र जुन्या चादरीत गुंडाळलं आणि कपाटावर ठेवलं. आम्हाला म्हणाली, उन्हात डोळे बिघडतात. दुसऱ्या दुपारी मावशी कॉटवर बसून होती. तिने अंथरुणाची चादर घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. तिसऱ्या दिवशीही तेच. जेवण पुन्हा दोन घासांवर आलं.

त्या दुपारी मी पाणी प्यायला उठले तेव्हा आई स्टुलावर चढली होती. तिने यंत्र खाली काढलं आणि टीव्हीमागे वायरी घेऊन वाकली. तिला त्यातलं काही समजत नव्हतं. एक वायर हातात धरून ती मावशीकडे वळली.

“सुमन, हे कुठी लागते? सांग नं. मले नाई समजत.”

मावशी उठली आणि वायर लावली. आईने दोघींसाठी पन्हं केलं आणि त्या दिवशी झोपली नाही, कॉटवर बसून बहिणीचा खेळ पाहत राहिली. काकू पुन्हा आल्या तेव्हा आईने त्यांना आत बोलावून तिथेच, टीव्हीसमोर बसवलं. काकूंनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, ते वाकडं कुठे ठेवायचं. पुढे त्यांनी हा विषय कॉलनीत कोणाकडे काढल्याचं ऐकलं नाही.

*

जूनच्या तोंडाशी मावशीचे सासरे आले. सोबत धाकटा मुलगा दिनेश. मावशी सासऱ्यांना मामाजी म्हणायची. उंच, वाळलेले, धोतर-टोपीतले गृहस्थ. बसने येईपर्यंत उन्हाने चेहरा काळवंडला होता. आईने पाणी दिलं, कूलरसमोर खुर्ची मांडली.

ते का आले हे आई-बाबांना साधारण माहीत होतं. नोकरीत असताना माणूस गेला, तर घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळते. ती दिनेशला मिळावी, असं घरात ठरलं होतं. त्यासाठी मावशीने हरकत नसल्याचं सही करून द्यायला हवं होतं. मामाजी सरळ माणूस होते, त्यांनी आडवळण घेतलं नाही. दिनेशला नोकरी लागली तर घर चालेल, तू घरची सून आहेस, तुला कोणी उपाशी ठेवणार नाही, असं ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी मावशीला सांभाळलं असतं. बाबांनाही हे रास्त वाटत होतं. पोरगी एकटी जंगलात कुठे नोकरी करणार, असं ते आईजवळ बोलले होते.

मावशी मागच्या खोलीच्या दारात उभी होती. आत अक्षरांचा खेळ चालू राहिला होता, कोणी दाबत नसल्यामुळे अक्षरं पडून जात होती. ती म्हणाली,

“मामाजी, मी टायपिंग शिकून राह्यली. नोकरी मीच करन.”

दिनेश हसला. खिजवायला नाही, त्याला ते खरंच वाटलं नाही म्हणून. मामाजी उठले आणि मागच्या खोलीत गेले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मावशीला म्हणाले, दाखव. ती खाली बसली. अक्षरं पडत होती आणि अर्ध्यातच नाहीशी होत होती. तिची नजर पडद्यावर होती, बोटांकडे नव्हती. मामाजी बराच वेळ पाहत उभे राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं, “तिकडंच राहा लागन, शाळेत. त्याच घरात. राहशीन?”

मावशीचे हात थांबले. “राहीन,” ती म्हणाली.

मामाजींनी टोपी काढून तोंड पुसलं. दिनेशला चल म्हणाले आणि जेवायला न थांबता निघाले. त्या दिवसापासून दिनेशने पुढची कितीतरी वर्षं मावशीशी बोलणं टाकलं. सही न करण्याची ती किंमत होती आणि मावशीने ती भरली.

*

हे सगळं त्या खेळामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. अक्षरांच्या खेळातलं तिचं शिकणं नोकरीत जवळजवळ निरुपयोगी ठरलं. कचेरीला मराठी टायपिंग लागत होतं, आणि मराठी मशीनवर अक्षरांच्या जागाच वेगळ्या. पावसाळ्यात ती आमच्याकडेच राहून बाजारातल्या टायपिंग क्लासला जायला लागली. तिथे तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. छत्री, डबा आणि हाताला शाई. पण रिकाम्या पडद्यापासून सुरुवात करायची तिला सवय झाली होती.

नोकरी मिळायला वेळ लागला. मिळाली तेव्हा तिला मावसोजींच्याच भागात, आश्रमशाळेच्या कचेरीत कारकून म्हणून पाठवलं. रुजू व्हायच्या दिवशी तिच्यासोबत मामाजी गेले. घरच्यांचा विरोध होता, तरी गेले. त्यांनी तिची ट्रंक बसच्या टपावर स्वतः चढवली. शाळेत पोचल्यावर त्यांनी मुलाची खोली उघडली, झाडली, चूल मांडून दिली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परतले. मावशी सांगते, वाटेत ते एकच वाक्य बोलले होते, की आमच्या पोराची जागा रिकामी नाई राह्यली, हे बरं झालं.

आमचा टीव्ही गेम त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत बंद पडला. नितीनने त्याचे स्क्रू काढले आणि तो परत जुळला नाही. पुढे शाळेत कॉम्प्युटर आले, घरात आले, मी त्याच विषयात शिकले. आज जुन्या यंत्रांचं वेड असणारी पुष्कळ मंडळी मला भेटतात. कोणी फ्लॉपी जपतो, कोणी जुने कीबोर्ड शोधत भंगारबाजार पालथे घालतो. विचारलं की ते बालपणाचं नाव घेतात. असेलही. पण माझे विद्यार्थी त्या काळात जन्मलेलेही नव्हते, आणि मावशी तर तेव्हा मोठी बाई होती. बालपणाचं कारण त्या दोघांनाही लागू पडत नाही.

*

परीक्षेचं काम संपलं आणि मी एटापल्लीला गेले. मावशी आता तिथेच असते, कचेरीत वरच्या जागेवर. रस्त्याने दोन्ही बाजूंना तेंदूच्या पानांच्या जुड्या उन्हात पसरलेल्या होत्या. दिनेशची मुलगी शिकायला मावशीकडेच राहते. दिनेशच मुलीला पोचवून गेला. दारातून आत आला, चहा प्याला, आणि पुन्हा बोलायला लागला, इतकंच. कोणी जुना विषय काढला नाही.

जेवणं झाल्यावर मी मावशीला फोनवर तो खेळ लावून दिला. तिने चष्मा चढवला, रंगीत ठोकळे पाहिले आणि जरा सरकवून पाहिले. मग फोन माझ्याकडे दिला. तिला त्यात गंमत वाटली नाही. मी तिला विद्यार्थिनीचा प्रश्न सांगितला, आणि माझं उत्तरही सांगितलं. थोडकी मेमरी, मोजके नियम वगैरे. तिने ते शांतपणे ऐकलं.

“ते असंन,” ती म्हणाली. “मले ते काई माहीत नाई.”

मग तांदूळ निवडायचं सूप जवळ ओढून, खाली पाहतच ती बोलली. आमच्याकडे बायाही ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात, तशीच ती बोलते.

“तवा मी जिथी जातो, तिथी लोक माह्या तोंडाकडे पाहत. तुही माय पाहे, तू पाहे. सगळ्यायले माहीत होतं नं, माहा माणूस गेला म्हणून. त्या ठोकळ्यायले नव्हतं माहीत. ते आपले पडत. मलेच त्यायच्याकडे पाहा लागे.”